काळा तो बेसॉल्ट, चकचकीत तो ग्रॅनाइट? अग्निज खडक ओळखताना या चुका टाळा

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टने व्यापलेला आहे. एवढा अग्निज खडक पायाखाली असताना तो ओळखणं आपल्याला सोपं जायला हवं, पण होतं उलटंच. काळा दिसला की बेसॉल्ट, ओट्यावर बसला की ग्रॅनाइट, भोकं दिसली की लाव्हा, आणि कशातच बसेना की उल्का. शाळेतला दोन रकान्यांचा तक्ता (खोलवर ग्रॅनाइट, वर बेसॉल्ट) परीक्षेपुरता ठीक आहे. घाटात हातोडा घेऊन उभं राहिलं की तो पुरत नाही.

या चुकांच्या मुळाशी साधारण एकच गोष्ट असते. खडकावरच्या सगळ्या खुणा एकाच वेळी पडलेल्या नसतात. खोलवर वितळताना शिलारसाची रासायनिक घडण ठरते. वर येताना वाटेत काही स्फटिक वाढतात. थंड होताना उरलेला पोत ठरतो आणि वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्या पोकळ्या भरतात आणि शेवटी ऊन-पाऊस वरची साल बदलतात. वर्गीकरण करायचं ते पहिल्या तीन टप्प्यांच्या खुणांवरून. नंतरच्या दोन टप्प्यांची खूण पहिल्यांच्या खात्यावर जमा केली की नाव चुकतं.

‘पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र आहे’

उत्पत्तीबद्दलची ही समजूत सोडली नाही तर पुढचं वर्गीकरण पाठांतरच राहतं. कवचाखालचं प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, आणि त्या प्रावरणातून आरपार जातात. मग शिलारस येतो कुठून? तीन मार्ग आहेत. तप्त घन खडक वर सरकतो, त्याच्यावरचा दाब घटतो आणि तापमान न वाढताही तो थोडा वितळतो. मध्य-महासागरी पर्वतरांगांत हेच चालतं. दुसरा मार्ग पाण्याचा: खाली सरकणाऱ्या सागरी कवचातून निसटलेलं पाणी वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू खाली आणतं. जपान आणि अँडीजचे ज्वालामुखी या प्रकारातले. तिसरा मार्ग उष्णतेचा: खालून आलेला बेसॉल्टी रस कवचाला तापवतो आणि कवचच वितळतं. खंडांवरचा बराचसा ग्रॅनाइटी रस असा तयार होतो.

यातला ‘थोडा वितळतो’ हा भाग महत्त्वाचा आहे. प्रावरणातला पेरिडोटाइट क्वचितच पूर्ण वितळतो. साधारण १० ते २० टक्के वितळला तरी निघणारा रस मूळ खडकापेक्षा वेगळा असतो. मूळ खडकात सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) ४५ टक्क्यांच्या आसपास, तर बाहेर पडणाऱ्या बेसॉल्टात ५० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे ‘खाली जे आहे तेच वर आलं’ असं धरून चालत नाही.

यातूनच आणखी एक प्रश्न नेहमी येतो: सह्याद्रीत ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे? शंकूच्या आकाराचा डोंगर शोधत बसाल तर वेळ जाईल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे दख्खनचे लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांतून पसरले. आजचे सपाट माथे आणि पायऱ्यापायऱ्यांचे कडे ही थरांची झीज आहे. लोणारला ‘ज्वालामुखीचं विवर’ म्हणणारे अजून भेटतात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर उल्कापाताचं आहे. बेसॉल्ट घट्ट होऊन कोट्यवधी वर्षं उलटल्यावर ते पडलं, आणि तिथल्या फेल्स्पारचं (खडकातलं एक फिकट खनिज) धक्क्याने काचेत झालेलं रूपांतर ज्वालामुखीतून होत नाही. तिथे सापडणारे वितळलेले मणी हे बेसॉल्टच पुन्हा वितळून झालेले आहेत.

ताजं तोंड न काढता नाव देणं

घाटातल्या उघड्या दगडाचा तांबूस-तपकिरी रंग हा लोखंडाच्या गंजाचा. साल कधी काही मिलिमीटर जाड असते, तर कधी सेंटिमीटरभर. त्यावरून खडक ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. ८०० ग्रॅम ते १ किलोचा भूशास्त्राचा हातोडा घ्या (सुताराचा नको, त्याच्या पोलादाचे तुकडे उडतात), डोळ्यांवर गॉगल चढवा, आणि दगडाच्या आधीच बाहेर आलेल्या कोपऱ्यावर घाव घाला. सपाट तोंडावर मारलं की हातोडा उडतो आणि दगड फक्त चुरगळतो. लेण्या, किल्ले, मंदिरं आणि अभयारण्यांत हातोडा पिशवीतच राहू द्या. तिथे नुसतं बघायचं. पावसाळ्यात घाटरस्त्याच्या ताज्या कापणीखालीही उभं राहू नका.

दहापटीचं भिंग बहुतेक जण चुकीचं धरतात. भिंग दगडाजवळ आणि डोळा दूर असेल तर अंधूक गोल दिसतो, बाकी काही नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि दगड वर आणत सुमारे अडीच सेंटिमीटरवर थांबा. दगडावर ऊन पडेल अशा बाजूला तोंड करा. ताजं तोंड हळूहळू फिरवा. बेसॉल्टमध्ये फेल्स्पारच्या सुईएवढ्या कांड्या एका कोनात चमकून विझतात. सालीवर ही चमक दिसतच नाही, म्हणून एवढी खटपट.

याच गटातली आणखी एक चूक. रस्त्याच्या कापणीत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल गोळे दिसतात. कोणी त्यांना ज्वालामुखीतून उडालेले बाँब म्हणतं, कोणी पाण्यात गोठलेला उशीलाव्हा, तर कोणी डायनासोरची अंडी. बहुतेक वेळा ही गोलाकार झीज असते: चौकोनी फटींच्या कोपऱ्यांवर झीज जास्त होते, म्हणून आतला गाभा गोल उरतो. तपासायची रीत अशी. गोळ्यांच्या रांगा जुन्या फटींच्या जाळ्यात बसतात का ते पाहा. बसत असतील तर झीज. उशीलाव्हाच्या गोळ्याला बाहेरून काचेसारखी बारीक कणांची कड असते, वरचा गोळा खालच्या दोघांच्या खोबणीत बसतो, आणि मधल्या जागेत फुटक्या काचेचा चुरा असतो. गाभा आणि पापुद्रा यांच्या कणांचा आकार सारखाच असेल, तर उशीलाव्हाचं नाव घेऊ नका.

रंगावरून वर्गीकरण

गडद म्हणजे सिलिका कमी आणि फिकट म्हणजे सिलिका जास्त, हा नियम पूर्ण स्फटिकी खडकांना बऱ्यापैकी लागू पडतो. इतका झटकन गोठला की स्फटिकच झाले नाहीत, अशा नैसर्गिक काचेला लागू पडत नाही. ऑब्सिडियन कोळशासारखा काळा असतो, पण त्यात सिलिका ७० टक्क्यांहून जास्त. घडणीने तो ऱ्हायोलाइटच, म्हणजे ग्रॅनाइटच्या घडणीचा लाव्हाखडक. लोहखनिजाचे अतिसूक्ष्म कण काचेत विखुरलेले असले की एवढ्याशाने ती काळी दिसते. पातळ कड उजेडासमोर धरा: ऑब्सिडियनची कड धुरकट पारदर्शक दिसते आणि त्याची पूड पांढरी पडते. बेसॉल्टी काच पातळ कडेलाही बहुधा अपारदर्शक राहते.

घरातली नेहमीची गफलत कडप्प्याची. काळा, गुळगुळीत, जड, म्हणून बेसॉल्ट समजला जाणारा कडप्पा अग्निज नाहीच, तो चुनखडक. शहाबादी फरशीही तशीच. सुरीचं टोक कडप्प्यावर ओढलं की पांढरा ओरखडा उठतो, बेसॉल्टवर बहुतेक वेळा पोलादाचीच रेघ उमटते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर कडप्पा फसफसतो. लिंबाचा रसही चालतो, पण बुडबुडे बारीक असतात, भिंगातून बघावे लागतात. इथे एक खाच आहे. बेसॉल्टच्या पोकळ्यांत आणि फटींत कॅल्साइट भरलेलं असतं, आणि तेही फसफसतं. थेंब शिरेवर न टाकता मधल्या काळ्या भागावर टाका.

फसफसलं म्हणजे अग्निज नाही, हेही शंभर टक्के खरं नाही. कार्बोनेटाइट हा अग्निज खडकच, पण त्यात निम्म्याहून अधिक कार्बोनेट खनिजं असतात. गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या अंबा डुंगरला तो आहे. महाराष्ट्राच्या घाटात मात्र फसफसणारा काळा दगड दिसला तर आधी कॅल्साइटचाच संशय घ्या.

रंगापेक्षा घनता जास्त भरवशाची, आणि ती घरच्या काट्यावर निघते. १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, पसरट भांडं, पाणी आणि दोरा एवढंच लागतं. दगड कोरडा तोलून घ्या. मग पाण्याने अर्धं भरलेलं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही असा हातात धरून सोडा. काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे दगडाचं आकारमान घन सेंटिमीटरमध्ये. समजा कोरडा दगड ४३० ग्रॅम आणि बुडवल्यावर आकडा १४९. भागाकार २.८९, म्हणजे बेसॉल्टच्या पट्ट्यात. ढोबळ पट्टे असे: ग्रॅनाइट २.६ ते २.७, बेसॉल्ट २.८ ते ३.०, बेसॉल्टच्याच घडणीचा पण जाड कणांचा गॅब्रो २.९ ते ३.१.

तीन ठिकाणी हा प्रयोग फसतो. दगड तळाला टेकला की त्याचं वजनही काट्यावर येतं आणि घनता हास्यास्पद कमी निघते. दगड ५० ग्रॅमचा घेतला तर आकारमान १७-१८ येतं, त्यात १ ग्रॅमची चूक म्हणजे जवळजवळ ६ टक्के. ग्रॅनाइट आणि बेसॉल्टमधला फरकच मुळात ८-१० टक्क्यांचा, तेव्हा ३०० ग्रॅमच्या खाली जाऊ नका. तिसरं, सच्छिद्र दगड: पोकळ्यांत हवा अडकते. असा दगड रात्रभर भिजवून ठेवला तरी आतल्या बंद पोकळ्या तशाच राहतात, म्हणून त्याच्यावर ही चाचणी करूच नका. त्याच थराचा घट्ट तुकडा शोधा.

मोठे स्फटिक दिसले की ‘खोलवरचा’

‘हळू थंड झाला तर मोठे कण, भराभर थंड झाला तर बारीक’ हे वाक्य बरोबर आहे, पण अर्धं. कोणते कण, हे त्यात येत नाही.

कसारा घाटात, मंचरच्या आसपास असे बेसॉल्टचे थर आहेत की त्यांत फेल्स्पारच्या दोन-तीन सेंटिमीटर लांब पांढरट पट्ट्या, कधी चांदणीसारख्या एकमेकींत घुसलेल्या, काळ्या खडकात विखुरलेल्या दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यांना महास्फटिकी प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट (प्लॅजिओक्लेज हा फेल्स्पारचा एक प्रकार) म्हणतात आणि थर मोजताना ओळखीची खूण म्हणून वापरतात. पहिल्यांदा बघणारा त्याला गॅब्रो म्हणतो, नाहीतर ‘एक प्रकारचा ग्रॅनाइट’. चूक इथे होते: नजर मोठ्या पट्ट्यांवर खिळते. पोत ठरवायचा असतो तो पट्ट्यांच्या मधल्या काळ्या वस्तुमानावरून, म्हणजे आधारकावरून. आधारकातले कण नुसत्या डोळ्यांना दिसत नसतील तर खडक लाव्हाचाच. पट्ट्या आधी, कवचातल्या शिलारसाच्या कोठीत निवांत वाढल्या, आणि मग उरलेला रस त्यांना घेऊन बाहेर पडला व पटकन गोठला. एकाच दगडात थंड होण्याचे दोन वेग नोंदलेले असतात. नाव लिहिताना ‘मोठ्या प्लॅजिओक्लेज स्फटिकांचा बेसॉल्ट’ असं लिहा, म्हणजे दोन्ही टप्पे नोंदीत येतात.

आधारकाचे कण तपासताना हा अंदाज पुरतो: डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत ते बारीक, साधारण १ ते ५ मिलिमीटर ते मध्यम, त्याहून मोठे ते जाड. बारीकमध्ये बेसॉल्ट, मध्यममध्ये डोलेराइट, जाडमध्ये गॅब्रो: घडण तीच, पोत वेगळा. पण डाइकमध्ये (भेगेत शिरून भिंतीसारखा गोठलेला शिलारस) हे तिन्ही शेजारी-शेजारी यायला वेळ लागत नाही. धुळे-नंदुरबार भागात भिंतीसारख्या लांबच लांब सरळ टेकड्या दिसतात, त्या डाइकच्या. कडेला, जिथे तप्त रस गार खडकाला भिडला, काही सेंटिमीटरची पट्टी अगदी बारीक कणांची असते आणि आत जावं तसतसे कण वाढतात. कडेचा तुकडा उचलून ‘हा बेसॉल्टचा थर’ लिहिलं की नकाशाच चुकतो. नमुने दोन घ्या, कडेचा आणि मधला, आणि डाइकची रुंदी टेपने मोजून ठेवा. उलट बाजूही लक्षात ठेवा: खूप जाड लाव्हाथराचा गाभाही डोलेराइटसारखा दिसू शकतो. तेव्हा निर्णय हातातल्या तुकड्यावर नव्हे, तो तुकडा जागेवर आजूबाजूच्या खडकाला छेदून जातो की त्याच्यावर पसरतो, यावर होतो.

पेग्मटाइट या अतिमोठ्या स्फटिकांच्या खडकात तर नियम जवळजवळ उलटतो. त्यातले तळहाताएवढे अभ्रकाचे आणि फेल्स्पारचे स्फटिक पाहून ‘हा सर्वांत हळू थंड झालेला’ असं म्हटलं जातं. पेग्मटाइट बहुधा अरुंद शिरांत असतो, आणि अरुंद शिरा लवकर थंड होतात. तिथे मोठे स्फटिक होतात ते रसात पाणी, बोरॉन, फ्लोरिन यांसारखी द्रव्यं साठल्यामुळे: अणूंची ये-जा सोपी होते, नवे स्फटिक सुरू होण्याचं प्रमाण घटतं, आणि जे सुरू झाले तेच वाढत जातात. झारखंडातल्या कोडर्माचा प्रसिद्ध अभ्रक अशाच शिरांतला.

खांबांचंही असंच होतं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब बेसॉल्टचे, म्हणून ‘षटकोनी खांब म्हणजे बेसॉल्ट’ हे डोक्यात बसतं. कर्नाटकात मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवरचे खांब सिलिका भरपूर असलेल्या ऱ्हायोलाइट-डेसाइट जातीच्या खडकाचे आहेत. खांब म्हणजे आकुंचनाच्या भेगा. त्या थंड होण्याबद्दल सांगतात, घडणीबद्दल काही सांगत नाहीत. आणि मुंबईतच मढ-मनोरी-उत्तन भागात ऱ्हायोलाइट व ट्रॅकाइट हे वेगळे लाव्हाखडक आहेत, तेव्हा ‘मुंबईचा दगड म्हणजे बेसॉल्ट’ हेही सरसकट लिहू नका.

पोकळ्यांमध्ये भरलेलं मोजणं

विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांच्या बेसॉल्टवर सगळ्यात जास्त चुका होतात. बुडबुड्यांच्या रिकाम्या जागा नंतर झिरपलेल्या गरम पाण्याने भरल्या: स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट, ॲपोफिलाइट, कॅल्साइट, अकीक, क्वार्ट्झ. वर्गीकरणासाठी यांतलं एकही खनिज मोजायचं नाही. (जाता जाता: पोकळीतलं सगळंच ‘झिओलाइट’ (पाणी सामावून घेणाऱ्या खनिजांचा एक गट) नसतं. ॲपोफिलाइट झिओलाइट नाही, आणि वाघोलीचं निळं कॅव्हन्साइटही नाही.)

‘यात क्वार्ट्झ आहे, म्हणजे बेसॉल्ट नाही’ हा निष्कर्ष इथूनच निघतो. भिंगातून बघा: क्वार्ट्झ गोलसर पोकळीच्या भिंतीवरून आत वाढलेला असेल, तर तो नंतरचा. हिरव्या ठिपक्यांना ऑलिव्हीन (शिलारसातून सुरुवातीलाच बनणारं हिरवं खनिज) म्हणणं ही त्याचीच जुळी चूक. पोकळीच्या अस्तराला मातकट, मऊ, नखाने खरवडता येणारं हिरवं असेल तर ते सेलॅडोनाइट किंवा क्लोराइटसारखं दुय्यम खनिज. ऑलिव्हीन आधारकात कणाच्या रूपात असतं, काचेसारखं दिसतं, सुरीने ओरखडत नाही. आपल्या बेसॉल्टमध्ये बरेचदा ते बदलून तांबूस-तपकिरी झालेलं असतं, म्हणून हिरवा रंग शोधणंच फारसं उपयोगाचं नाही.

नॉर्मन बोवेन यांनी १९२२ मध्ये मांडलेली स्फटिकीकरणाची क्रमवारी इथे तपासणीला कामी येते. मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हीन आधी बनतं. रसात सिलिका पुरेशी असली तर ते तिच्याशी अभिक्रिया करून पायरोक्सीन हे दुसरं गडद खनिज बनतं. म्हणजे असं ऑलिव्हीन आणि क्वार्ट्झ एकाच वेळी, एकाच रसातून, शेजारी-शेजारी टिकत नाहीत. तुमच्या यादीत दोन्ही आले असतील तर एक तर चुकीचं ओळखलंय किंवा नंतर भरलेलं आहे. (लोहयुक्त ऑलिव्हीन याला अपवाद, पण ते आपल्या घाटात हातात येण्यासारखं नाही.) हीच क्रमवारी चुकीची वापरलीही जाते: प्रत्येक रस ऑलिव्हीनपासून क्वार्ट्झपर्यंत सगळ्या पायऱ्या उतरतोच, असं समजून. उतरत नाही. बाहेर पडून गोठला की तो जिथे होता तिथेच थांबला.

पोकळ्यांवरून लाव्हाथर मोजतानाही जपा. एका थरात वर भरपूर गोल पोकळ्यांची साल, मध्ये घट्ट गाभा आणि तळाला नळीसारख्या उभ्या पोकळ्यांची पातळ पट्टी असते. विंधनविहिरीच्या नोंदीत ‘मांजऱ्या, काळा, मांजऱ्या’ असं लिहून तीन खडक मोजले जातात, प्रत्यक्षात तो एक थर आणि दुसऱ्याची सुरुवात असते. दोन थरांमधली लाल मातीची पट्टी मिळाली तर सीमा पक्की. पण ती नाही म्हणून सीमाच नाही असं धरू नका. पाहोएहोए प्रकारच्या (गुळगुळीत सालीच्या) लाव्हात मीटर-दोन मीटरच्या जिभा एकमेकींवर चढतात, प्रत्येकीला स्वतःची सच्छिद्र साल असते आणि मध्ये लाल पट्टी नसते.

भोकं असलेले दोन बिगर-अग्निज दगड नेहमी घोळ घालतात. जांभा: भोकं वेडीवाकडी, एकमेकांत शिरणारी, आत पिवळट माती, हाताला लाल पूड, फेल्स्पारची चमक कुठेच नाही. तो बेसॉल्ट कुजून तयार होतो. पाचगणीच्या टेबललँडवर खाली बेसॉल्ट आणि माथ्यावर जांभा असल्याने एकच खडक समजला जातो. दुसरा, भट्टीतली मळी (धातू गाळताना उरणारा कचरा): काचेसारखी, वाहिल्याच्या खुणा असलेली, लोहचुंबकाला चिकटणारी. जवळपास रेल्वेमार्ग, जुनी भट्टी वा कारखाना आहे का ते आधी बघा. चुंबकाला चिकटतो म्हणून उल्का म्हणणं तर अजिबात नको. मॅग्नेटाइटमुळे साधा बेसॉल्टही चुंबकाला ओढतो.

दुकानातला ‘ग्रॅनाइट’ आणि वहीतला ग्रॅनाइट

बाजारात चकाकी घेणारा कोणताही कठीण सिलिकेटी दगड ग्रॅनाइट म्हणून विकला जातो. त्यात दुकानदाराची लबाडी नाही, तो व्यापारी शब्द आहे. सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्रातल्या चिमकुर्तीचा. तो गॅब्रो-नोराइट जातीचा, आणि चमकतं ते पायरोक्सीन. निळसर झळाळीचा ‘ब्लू पर्ल’ नॉर्वेतल्या लार्विकचा, मॉन्झोनाइट जातीचा. वळ्या-पट्ट्यांचे बरेच ‘ग्रॅनाइट’ तर नाइस असतात, म्हणजे रूपांतरित. खनिजं एकाच दिशेने ओढल्यासारखी पट्ट्यांत असतील तर अग्निज वर्गीकरणाचा तक्ता लावण्याआधी थांबा.

खरा ग्रॅनाइट ठरतो तो खनिजांच्या टक्केवारीवर. आंतरराष्ट्रीय पद्धत आल्बर्ट स्ट्रेकायझेन यांच्या पुढाकाराने ठरली: क्वार्ट्झ, अल्कली फेल्स्पार आणि प्लॅजिओक्लेज ही तीनच घ्यायची (फेल्स्पॅथॉइड, म्हणजे सिलिका कमी पडल्यावर बनणारी फेल्स्पारसारखी खनिजं, असतील तर क्वार्ट्झच्या जागी ती), त्यांची बेरीज १०० धरायची. गडद खनिजं ९० टक्क्यांहून कमी असली तरच हा तक्ता लागू. ग्रॅनाइटला क्वार्ट्झ २० ते ६० टक्के हवा, आणि एकूण फेल्स्पारमध्ये प्लॅजिओक्लेजचा वाटा १० ते ६५ टक्के. ६५ ते ९० असेल तर ग्रॅनोडायोराइट, त्यापुढे टोनॅलाइट.

इथली सर्रास चूक म्हणजे पुन्हा १०० न करणं. समजा मोजणीत क्वार्ट्झ १८, अल्कली फेल्स्पार २८, प्लॅजिओक्लेज ३६, कृष्णाभ्रक आणि इतर १८ आले. क्वार्ट्झ थेट १८ धरला की २० च्या खाली जातो आणि खडक क्वार्ट्झ मॉन्झोनाइट ठरतो. पण कृष्णाभ्रक बाजूला काढा: तिघांची बेरीज ८२, क्वार्ट्झ १८ भागिले ८२ म्हणजे २२ टक्के, प्लॅजिओक्लेज ३६ भागिले ६४ म्हणजे ५६ टक्के. हा ग्रॅनाइट.

मोजणी डोळ्यांच्या अंदाजाने केली तर गडद खनिजं हमखास जास्त वाटतात. त्यापेक्षा ग्रॅनाइटच्या दुकानातला कापून उरलेला पॉलिशचा तुकडा घ्या, पारदर्शक कागदावर ५ मिलिमीटरची जाळी आखा, ती तुकड्यावर चिकटवा आणि प्रत्येक छेदबिंदूखाली कोणतं खनिज आहे ते लिहा. ५०० बिंदूंना साधारण ११ गुणिले ११ सेंटिमीटर जागा लागते. जाळीचं अंतर कणांपेक्षा मोठं हवं, नाहीतर एकच मोठा फेल्स्पार चार वेळा मोजला जातो. कण ५ मिलिमीटरहून मोठे असतील तर जाळी १ सेंटिमीटरची आणि तुकडा २२ गुणिले २२ सेंटिमीटरचा.

खनिजं ओळखताना रंगाच्या नादी लागू नका. गुलाबी ते अल्कली फेल्स्पार आणि पांढरं ते प्लॅजिओक्लेज हे अर्धंच खरं. पांढरं अल्कली फेल्स्पारही भरपूर सापडतं. तुटलेल्या तोंडावर बघा: प्लॅजिओक्लेजच्या सपाट पृष्ठावर एकमेकींना समांतर बारीक रेघा दिसल्या तर खात्री. क्वार्ट्झला सपाट पृष्ठ नसतंच. तो तेलकट, करडा, शिंपल्यासारखा फुटलेला दिसतो. गडद कांड्यांमध्ये दोन सपाट पृष्ठं जवळजवळ काटकोनात भेटत असतील तर पायरोक्सीन, सुमारे ५६ आणि १२४ अंशांत भेटत असतील तर अँफिबोल. फेल्स्पार रंगवून ओळखण्याच्या पद्धतीत हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं. ते जिवाला घातक आहे, प्रयोगशाळेबाहेर त्याचा विचारही नको.

प्रयोगशाळेचा अहवाल आला की

बारीक कणांच्या खडकाला शेवटी रासायनिक पृथक्करणच लागतं. तक्त्यात आडव्या अक्षावर सिलिका आणि उभ्या अक्षावर सोडियम व पोटॅशियम ऑक्साइडांची बेरीज असते. सिलिका ४५ ते ५२ टक्के आणि अल्कली (म्हणजे हीच बेरीज) ५ टक्क्यांच्या खाली, तर बेसॉल्ट. ५२ ते ५७ बेसॉल्टी अँडेसाइट. ५७ ते ६३ अँडेसाइट. बिंदू मांडण्याआधी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वगळून बाकीची बेरीज पुन्हा १०० करा. पाणी २ टक्क्यांहून किंवा कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्यांहून जास्त असेल, तर तो नमुना या तक्त्यासाठी वापरू नये: खडक बदललेला आहे, आणि सोडियम-पोटॅशियम पाण्याबरोबर सगळ्यात आधी हलतात. दख्खनचा बेसॉल्ट अचानक ‘अल्कली’ गटात गेला, तर आधी नमुन्यात झिओलाइटचे ठिपके राहिले होते का ते तपासा. पाठवण्याआधी दगड हरभऱ्याएवढ्या तुकड्यांत फोडून ठिपकेवाले तुकडे भिंगाखाली हाताने वेचून काढावे लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

नोंद

नमुन्याला जागेवरच क्रमांक द्या. सालीवर लिहिलेला पुसतो. पांढऱ्या रंगाचा ठिपका वाळवून त्यावर लिहा. वहीत ठिकाण, थराच्या सालीतून की गाभ्यातून, आधारकाचे कण, मोठे स्फटिक कोणते व किती लांब, पोकळ्या रिकाम्या की भरलेल्या, एवढं तरी हवं. दिशा घेताना होकायंत्र बेसॉल्टवर टेकवू नका. हातभर वर धरा, आणि दोन-तीन पावलं सरकून पुन्हा वाचा, कारण वीज पडलेल्या माथ्यांवर सुई चांगलीच भरकटते. खडकाचं नाव पेन्सिलीने लिहा आणि ज्या खुणेवरून दिलं ती शेजारी नोंदवा, म्हणजे पातळ छेद (सूक्ष्मदर्शकासाठी घासून पातळ केलेला काप) किंवा पृथक्करण हाती आल्यावर नेमकं काय खोडायचं ते कळतं.